संमतीपत्राच्या आडून

“पेशंटची लेखी संमती घेतलेली आहे.” एवढं म्हटलं की पुढचा वाद मिटला, असा समज आमच्या व्यवसायात पसरत चालला आहे. ऑपरेशन टेबलावरचं उघडं पोट इन्स्टाग्रामवर दिसतं. प्रसूतिगृहातला पहिला टाहो एखाद्या गाण्यावर बसवून डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर लागतो. गुडघा बदललेल्या आजी डिस्चार्जच्या दिवशी हातात गुच्छ धरून, कॅमेऱ्यामागच्या पोराने खुणावल्यावर, “डॉक्टर म्हणजे देवमाणूस” म्हणतात. हरकत घेतलीत तर उत्तर तयार असतं: संमती आहे, फाइलला लावलेली आहे, काळ बदललाय, तुम्ही अजून २००२ मध्येच आहात.

मी २००२ मध्येच आहे, कारण आम्हा डॉक्टरांवर आज लागू असलेले आचारनियम त्याच सालचे आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीला नवे नियम आणले, त्यांत समाजमाध्यमांवरच्या वागणुकीबद्दल स्वतंत्र मार्गदर्शक सूचना होत्या, आणि २३ ऑगस्टला ते नियम आयोगाने स्वतःच स्थगित केले. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर एक सोयीची अफवा फिरते की नियम स्थगित झाले, म्हणजे रान मोकळं. स्थगिती नव्या नियमांना मिळाली आणि जुने पुन्हा लागू झाले, एवढंच घडलं. हे जुने नियम अनेकांनी एमबीबीएसच्या परीक्षेनंतर उघडलेले नाहीत, म्हणून त्यांतलं थोडं सांगतो. प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे रुग्ण ओढणं अनैतिक आहे. लेटरहेडवर किंवा दवाखान्याच्या पाटीवर स्वतःचा फोटो छापणं हीसुद्धा स्वतःची जाहिरात धरली आहे. आणि डॉक्टरने आपल्या केसेस, शस्त्रक्रिया, बरे केलेले रुग्ण यांची फुशारकी मारू नये, तसली वर्णनं कुठल्याही मार्गाने प्रसिद्ध होऊ देऊ नयेत.

या शेवटच्या तरतुदीत संमतीचा अपवाद नाही. रुग्णाची ओळख पटेल असा फोटो वा केस छापण्याबद्दल वेगळं कलम आहे आणि तिथे रुग्णाच्या परवानगीचा उल्लेख आहे. फुशारकीच्या कलमात तो नाही, आणि असायचं कारणही नाही. फुशारकी डॉक्टरची असते. तिला परवानगी देणारा रुग्ण कोण? तेव्हा फाइलला लावलेला तो कागद ज्या आरोपाचं उत्तर म्हणून पुढे केला जातो, त्या आरोपाशी त्याचा संबंधच येत नाही.

यावर सगळ्यात प्रामाणिक वाटणारा प्रतिप्रश्न येतो तो भोंदूंचा. मधुमेह मुळापासून घालवणारे काढे, किडनीचे खडे विरघळवणारी पानं, लसीविषयीच्या अफवा यांनी लोकांचे फोन भरलेले असताना शिकलेल्या डॉक्टरने सोवळ्यात बसून राहायचं का? प्रश्न रास्त आहे. १९५४ च्या जादूटोणा-औषधी जाहिरातींविरोधातल्या कायद्याच्या परिशिष्टात मधुमेहासह ५४ आजार-अवस्थांची यादी आहे, त्यांवर इलाजाचा दावा करणारी जाहिरात बेकायदा आहे, आणि तरीही अशा जाहिराती राजरोस चालतात. पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध इंडियन मेडिकल असोसिएशन २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. २०२४ मध्ये कंपनीच्या कर्त्याधर्त्यांना वृत्तपत्रांत जाहीर माफी छापावी लागली आणि माफीचा आकार जाहिरातींएवढा आहे का, असंही न्यायालयाने विचारलं. हे सगळं आमच्या बाजूचे लोक टाळ्या वाजवत सांगतात. त्याच सुनावणीत न्यायालयाने असोसिएशनलाही ऐकवलं होतं की एक बोट समोरच्याकडे दाखवताना चार बोटं तुमच्याकडे आहेत. तो भाग मात्र ग्रुपवर फॉरवर्ड होताना मी फारसा पाहिला नाही.

मुळात डॉक्टरने लोकांशी बोलू नये असं २००२ चे नियम म्हणतच नाहीत. सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्यदायी राहणीबद्दल डॉक्टरने स्वतःच्या नावाने वृत्तपत्रांत लिहावं, व्याख्यानं द्यावीत, रेडिओ, टीव्ही आणि इंटरनेटवर बोलावं, याला त्यांत स्पष्ट मुभा आहे. फेसबुक २००४ चं. त्याच्या दोन वर्षं आधी नियम करणाऱ्यांनी इंटरनेटचा विचार करून ठेवला होता. निषिद्ध आहे ते आजार-उपचारांच्या निमित्ताने स्वतःचं गिऱ्हाईक वाढवणं. म्हणजे ज्या दाराला कुलूप आहे असं सांगून गळा काढला जातो, ते दार चोवीस वर्षं उघडंच आहे.

आणि मराठीत त्या दारातून माणसं आलेली आहेत. र. धों. कर्वे डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. पण लैंगिक आरोग्यासारख्या सगळ्यात खाजगी विषयावर त्यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर १९३४ मध्ये खटला झाला, बचावाला डॉ. आंबेडकर उभे राहिले. आरोप अश्लीलतेचा होता. कर्व्यांनी कोणाचं गुपित फोडलं, असं त्यांच्या कट्टर विरोधकांनाही म्हणता आलं नाही. डॉ. अभय बंग यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’मध्ये एका केसचा इतिहास तपशिलांसह सांगितला, ईसीजीपासून आहारापर्यंत. ती केस त्यांची स्वतःची होती. हृदयविकाराबद्दल मराठी माणसाला त्या पुस्तकाने जे शिकवलं, ते शिकवायला दुसऱ्या कोणाच्या छातीवरचे टाके दाखवावे लागले नाहीत.

म्हणून माझी कसोटी अगदी साधी आहे. व्हिडिओतून पेशंट काढून टाका आणि काय उरतं ते बघा. इन्हेलर कसा ओढायचा, साप चावल्यावर काय करायचं नाही, एचबीएवनसीचा आकडा नेमकं काय सांगतो, ओआरएस किती पाण्यात मिसळायचं, बाळाला ताप आला की किती तास थांबून दवाखाना गाठायचा: यातल्या कशालाही पेशंट लागत नाही, आणि पेशंट काढल्यावर माहिती तसूभरही कमी होत नाही. आता हीच कसोटी ‘आधी आणि नंतर’च्या फोटोंना लावा, आजींच्या मुलाखतीला लावा, आयव्हीएफ सेंटरच्या ‘गोड बातमी’ मालिकेला लावा. उरतो तो फक्त लोगो आणि अपॉइंटमेंटचा नंबर. त्याला लोकशिक्षण म्हणू नये एवढीच विनंती आहे. जाहिरात करायचीच असेल तर ती जाहिरात म्हणून करा, मग नियमांशी भांडा. भोंदूंच्या नावाने गळा काढून करू नका.

आता त्या संमतीकडे येतो, कारण कायद्याचं कलम बाजूला ठेवलं तरी तो कागद मला बोचतो. तो कागद कुठे आणि कधी पुढे येतो, हे आत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भरतीच्या वेळी विम्याच्या (टीपीएच्या) डेस्कवर कॅशलेसचे फॉर्म, आधारची झेरॉक्स, भुलेची संमती, शस्त्रक्रियेची संमती अशी थप्पी असते. नातेवाईक ‘इथे सही, इथे सही’ करत पुढे जातात आणि त्यातच हाही कागद असतो. किंवा तो डिस्चार्जच्या दिवशी येतो, बिलात थोडी सूट झालेली असते आणि डॉक्टर स्वतः हसत विचारतात, “काका, एक छोटासा व्हिडिओ करू या का?” काका नाही कसे म्हणतील? आठ दिवसांनी टाके काढायला त्यांना याच माणसासमोर बसायचं असतं. पुढचं दुखणं निघालं तर रात्री अकराला याच नंबरावर फोन करायचा असतो. ज्याच्या हातात आपला जीव आहे त्याला दिलेला होकार आणि दुकानदाराला दिलेला होकार एका मापाचे नसतात. डॉक्टरला हे कळत नसेल असं मी मानत नाही, कारण शस्त्रक्रियेआधी रुग्ण भीतीपोटी मान डोलावतो हे आम्हाला कॉलेजात शिकवलेलं आहे.

२०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमतीबद्दल काय मागतो ते पाहा: ती मुक्त हवी, विशिष्ट कारणासाठी हवी, समजून-उमजून हवी, बिनशर्त हवी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. रुग्णाला माहीत असतं का, की हा व्हिडिओ कोणत्या ॲपवर, किती वर्षं, कोणत्या जाहिरातीच्या पुढेमागे दिसणार आहे? आणि मागे घेणं म्हणजे काय? आमच्या पेजवरून काढला, ठीक. ज्यांनी तो डाउनलोड करून सासरच्या ग्रुपवर टाकला त्यांच्याकडून कोण काढणार? मुलांच्या बाबतीत तर हे आणखी वाईट आहे. दुभंगलेल्या ओठाचं ऑपरेशन झालेल्या बाळाच्या वतीने आईबाप सही करतात, कृतज्ञतेने करतात. ते बाळ पंधरा वर्षांनी दहावीत जाईल, त्याच्या वर्गात कोणाच्या तरी हाती तो ‘आधी’चा फोटो लागेल, आणि त्याला कोणी कधीच विचारलेलं नसेल. वंध्यत्वाच्या उपचारांबद्दल २०२१ च्या कायद्याने क्लिनिकवर गोपनीयतेची जबाबदारी टाकली आहे. तरी आमच्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर बाळ कडेवर घेतलेली जोडपी फ्लेक्सवर हसताना दिसतात, खाली सेंटरचं नाव असतं. त्या पोराच्या जन्माची हकीकत त्याच्याआधी अख्ख्या गावाला कळते.

“पण आम्ही चेहरा ब्लर करतो.” यावर न्यूयॉर्कच्या एका बड्या रुग्णालयाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथे टीव्ही मालिकेच्या चमूला इमर्जन्सीत चित्रीकरण करू दिलं गेलं. ट्रकने धडक दिलेला एक माणूस तिथे मरण पावला. भाग दाखवला तेव्हा त्याचा चेहरा धूसर केलेला होता, नावही नव्हतं. त्याच्या बायकोने घरी टीव्ही बघता बघता त्याला ओळखलं. २०१६ मध्ये रुग्णालयाला बावीस लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवावं लागलं. हे ऐंशी लाखांच्या शहरात घडलं. आपल्याकडे तालुक्याच्या गावात डोळ्यांवर काळी पट्टी लावून ‘जवळच्या गावच्या ३४ वर्षांच्या शिक्षिका, गर्भाशयाची मोठी गाठ’ असं लिहिलं की उरतं काय? साडी ओळखू येते, गळ्यातली पोत ओळखू येते, हातावरचं गोंदण ओळखू येतं, बोलण्याची ढब तर ओळखू येतेच. एसटी स्टँडवरच्या चहावाल्यापर्यंत बातमी संध्याकाळच्या आत जाते. त्या बाईंच्या नणंदेला ती आधीच गेलेली असते.

कॅमेरा ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्याची आणखी एक किंमत असते, ती लक्ष विचलित होण्याची. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये एक प्लास्टिक सर्जन शस्त्रक्रिया चालू असताना टिकटॉकवर थेट प्रक्षेपण करून प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होती. जुलै २०२३ मध्ये तिथल्या वैद्यकीय मंडळाने तिचा परवाना कायमचा रद्द केला. आपल्या राज्यात रील केलं म्हणून डॉक्टरचा परवाना कायमचा गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता ज्या तक्रारीला माझ्याकडे तयार उत्तर नाही, ती. छोटा डॉक्टर विचारतो, की कॉर्पोरेट हॉस्पिटलं पहिल्या पानभर जाहिरात देतात, विमानतळापासून गावाच्या वेशीपर्यंत होर्डिंग लावतात, त्यांच्या सर्जनचे हात बांधून उभे असलेले फोटो झळकतात, मग आम्हालाच सोवळं का? या तक्रारीत तथ्य आहे. वैद्यकीय परिषदेचा हात पोचतो तो नोंदणीकृत डॉक्टरपर्यंत. कंपनीपर्यंत पोचत नाही. डॉक्टर स्वतः चालवत असलेल्या संस्थेच्या जाहिरातीत नाव, कोणते रुग्ण घेतात, सोयी आणि फी यापलीकडे काही असू नये असं २००२ चे नियम सांगतात. कंपनीच्या जाहिरातीला ही चौकट नाही. परिणामी वीस खाटांचं नर्सिंग होम चालवणारा बांधला जातो आणि सातशे खाटांवाला मोकळा सुटतो. हा अन्याय आहे, आणि तो बोलून दाखवणाऱ्यांना मी दोष देणार नाही. फक्त त्यावरचा उपाय म्हणून ‘आम्हालाही सोडा’ ही मागणी मला पटत नाही. मोठ्याला बांधा, अशी मागणी का होत नाही? कट प्रॅक्टिसच्या, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दलच्या कमिशनच्या बाबतीतही आमच्या संघटनांनी हेच केलं. २०१७ मध्ये मुंबईत एका हृदयरुग्णालयाने ‘डॉक्टरांना कमिशन नाही’ असं होर्डिंगवर लिहिलं तेव्हा संघटनेचा राग कमिशनवर निघाला नाही, होर्डिंगवर निघाला. राज्य सरकारने त्याच वर्षी कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा केला. तो कायदा झाला नाही.

रिव्ह्यूंचं दुखणं मात्र खरं आहे आणि ते दोन्ही बाजूंनी सडलेलं आहे. कोणीतरी गुगलवर एक तारा देऊन “पैसे उकळतात, माणूस मारला” असं लिहितो, आणि डॉक्टरला बोलता येत नाही. त्यातून राहवत नाही म्हणून उत्तर जातं: “तुमचे वडील आले तेव्हा शुगर साडेचारशे होती, दारू सुटलेली नव्हती, आणि तुम्ही स्वतः आमच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज (डीएएमए) घेऊन नेलं.” टाळ्या मिळतात. पण तेवढ्यात एका मेलेल्या माणसाचं व्यसन आणि आजार गावभर झालेला असतो. डॅलसमधल्या एका दंतवैद्यकीय संस्थेने असंच एका ऑनलाइन रिव्ह्यूला उत्तर देताना रुग्णाचं आडनाव आणि आजाराचे तपशील लिहिले. २०१९ मध्ये तिला दहा हजार डॉलर भरावे लागले. रुग्णाने स्वतःचं गुपित स्वतः फोडलं म्हणून डॉक्टर मोकळा होत नाही. ‘गोपनीयतेमुळे इथे बोलता येत नाही, भेटायला या’ एवढंच लिहायचं, आणि बदनामी फारच झाली तर वकिलाकडे जायचं. हे असमान युद्ध आहे, मान्य. पण ज्यांना ते असह्य होतं, त्यांच्यातलेच काही जण रिसेप्शनवर क्यूआर कोड ठेवून डिस्चार्जआधी पाच तारे मागतात. मग ताऱ्यांच्या बाजाराबद्दल तक्रार कोणाकडे करायची?

सनस्क्रीन, केसांचं सिरम, प्रोटीन पावडर यांच्या पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओंबद्दल फार लिहीत नाही. औषध किंवा संबंधित उद्योगाच्या उत्पादनाची जाहीर शिफारस करू नये, हे २००९ मध्ये नियमांत घातलं गेलं आहे. पांढरा कोट घालून डिस्काउंट कोड सांगणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, तक्रार करावी.

समुपदेशकांशी मात्र वाद घालायला हवा, कारण त्यांच्यातले बरेच जण मनापासून चांगल्या हेतूने चुकतात. ‘आज एक क्लायंट आली होती…’ अशी सुरुवात करून रोज रात्री एक हळवी पोस्ट लिहिण्याची पद्धत मराठी फेसबुकवर रुळली आहे. नाव बदललेलं असतं, गाव बदललेलं असतं, लाइक हजारांत असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क मानला आहे आणि डिजिटल स्वरूपातली माहितीही त्यात धरली आहे. कायदा क्षणभर विसरू. ती पोस्ट वाचणारी पहिली व्यक्ती ती क्लायंटच असते, कारण ती आपल्या समुपदेशकाला फॉलो करते. पुढच्या सेशनला ती काय सांगायचं आणि काय गाळायचं हे ठरवून येते. बाकीच्या हजार वाचकांतला ज्याला मदत हवी आहे तोही ते वाचून ठरवतो की यांच्याकडे गेलो तर मीही एक पोस्ट होईन.

“सगळेच व्यवसाय ऑनलाइन जाहिरात करतात” हाही खोटा दाखला आहे. वकिलांना बार कौन्सिलच्या नियम ३६ ने जाहिरात मना आहे. २००८ पासून वेबसाइट चालते, पण नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढ्यापुरती. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची यादी विकणाऱ्या पोर्टलांवर कारवाई करायला बार कौन्सिलला सांगितलं. चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेने वेबसाइटबद्दल घालून दिलेला नियम मला सगळ्यात शहाणा वाटतो: जो शोधत येईल त्याला तुमची वेबसाइट सापडावी, जो शोधत नाही त्याच्यापुढे तुम्ही ती ढकलू नये. डॉक्टरांनी हाच नियम उचलावा. दवाखान्याची वेळ, पदव्या, फी, कोणते आजार बघतो, पार्किंग कुठे, सुट्टी कधी हे सगळं बिनधास्त लिहा. नव्या गावात आलेल्या माणसाची मोठी सोय होते. पैसे भरून रील ‘बूस्ट’ केलं की मात्र ते नेमकं न शोधणाऱ्याच्या पुढ्यात जातं, रात्री एक वाजता छातीत धडधडतंय म्हणून जागा असलेल्याच्या. त्या वेळी त्याला माहिती हवी असते आणि त्याला पॅकेज दिसतं.

तेव्हा मागणी दोन गोष्टींची आहे. २०२३ च्या नियमांवर गदारोळ झाला तो मुख्यतः जेनेरिक औषधांच्या सक्तीवरून आणि कंपन्यांच्या पैशाने होणाऱ्या परिषदांवरून. त्याच नियमांतल्या समाजमाध्यमांविषयीच्या सूचना रुग्णांचे फोटो, स्कॅन, बऱ्या झालेल्या रुग्णांची प्रदर्शनं, शस्त्रक्रियेचे व्हिडिओ, मागून घेतलेले रिव्ह्यू आणि विकत घेतलेले फॉलोअर या सगळ्यांना नाही म्हणतात. तेवढ्या वेगळ्या काढून आयोगाने अधिसूचित कराव्यात; जेनेरिकचा वाद सुटेपर्यंत त्यांना अडकवून ठेवायचं कारण नाही. दुसरी मागणी राज्याकडे. महाराष्ट्रात रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली होते आणि ठरावीक मुदतीने नूतनीकरणाला यावं लागतं. २०२१ मध्ये याच कायद्याचे नियम बदलून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं गेलं. तसंच रुग्णाचं चित्रण जाहिरातीसाठी वापरणार नाही असं हमीपत्र नूतनीकरणाच्या अर्जाला जोडता येईल, वीस खाटांच्या आणि सातशे खाटांच्या, दोघांच्याही. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नियमांतली दुरुस्ती पुरते.